विहीर सोडून सिसिलीला

एप्रिल सरत आला होता, तरी पहाटे गिरीजच्या वाड्यांत दमट गारवा असायचा. भुईगावच्या किनाऱ्याकडून खारा वारा यायचा, केळीची पानं एकमेकांना घासत राहायची, आणि ऊन माडांच्या वर चढलं की तोच दमटपणा अंगाला ओल्या गोणपाटासारखा चिकटायचा. बर्था मच्याडो आपल्या केळीच्या वाडीला पाणी लावायचं काम गारव्यातच उरकून घ्यायची. विहिरीवरच्या मोटारीचं बटण दाबलं की ती आधी पाटाकडे जात नसे. पाइपाच्या तोंडाशी ओंजळ धरायची, पहिला घोट तोंडात घोळवायची, टाळूला लावायची आणि मग गिळायची.

"गोडं हाय," असं ती मोठ्यानं बोलायची. ऐकायला तिथं कोणी नसायचं. तरी बोलायची. मगच फावडं घेऊन पाटाची तोंडं एकेका आळ्याकडे वळवायला लागायची.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. विहीर दोन भावांत होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार हे थोरल्या सेबेस्टियनचे, घरच्यांच्या बस्त्यावचे वार, म्हणजे त्याच्या बायकोचे, बर्थाचेच, कारण सेबेस्टियनला सगळा जन्म मुंबईच्या छापखान्यात गेल्यामुळे फावडं कसं धरतात तेही धड येत नव्हतं. मधले वार धाकट्या निकोलसचे. त्याला सगळे निकलाव म्हणत. आयतवारी मोटार कोणीच लावायची नाही. आयतवारी माणसं मिस्साला जातात आणि विहीर निजते, असं दोघांची आय सांगायची. म्हातारी गेली, पण विहीर आयतवारी निजत राहिली. सोमवारी सकाळी आतली दगडी पायरी पाण्याखाली गेलेली असायची. ती दिसली नाही की बर्थाच्या जिवाला बरं वाटायचं.

अलीकडे तिच्या जिवाला बरं वाटत नव्हतं. रेल्वेच्या बाजूला नव्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांना पाणी नव्हतं. वाड्यांमधल्या विहिरींवर टँकर यायला लागले होते. पलीकडच्या आळीतल्या एका विहिरीवर दोन उन्हाळे टँकर लागला. तिसऱ्या उन्हाळ्यात तिचं पाणी मचूळ झालं आणि पुढल्या वर्षी केळीच्या पानांच्या कडा विस्तवावर धरल्यासारख्या करपल्या. गोडं पाणी वरून फार उपसलं की खालून समुद्र सरकत येतो. एकदा आलेला समुद्र परत जात नाही.

परेश नावाचा टँकरवाला दोनदा निकलावकडे येऊन गेला होता. दोन्ही वेळा बर्था विहिरीच्या काठावर नारळ सोलत बसली. उठली नाही, बोलली नाही, नुसता कोयता चालवत राहिली. दोन्ही वेळा निकलावने तिच्याकडे बघितलं आणि परेशला "नाय" सांगितलं. ती विहिरीवर नसली तर तो काय सांगेल, हे तिला माहीत नव्हतं.

आणि मे महिन्यात ती दोन आठवडे नसणार होती. तिचं सिसिलीचं तिकीट आलं होतं.

तिचा एकुलता मुलगा ॲन्सेल्म आधी जहाजावर आचारी होता. आता सिसिलीत, त्रापानी नावाच्या गावाजवळ एका हॉटेलात लागला होता. त्यानं आईबापाला सुट्टीवर बोलावलं होतं. यात्रा नाही, कोणाचं लग्न नाही, बाप्तिस्मा नाही. नुसती सुट्टी. गिरीजात आजवर या कारणासाठी कोणी विमानात बसलं नव्हतं.

सेबेस्टियनने बैठकीच्या टेबलावर नकाशा पसरला होता तो जेवायच्या वेळीही उचलू देत नसे. छापखान्यात पान लावावं तसे तो दिवस लावत होता.

"पयल्यांदा पालेर्मो. तिथं एक देऊळ हाय, बर्था, आतून भिंती अख्ख्या सोन्याच्या बारीक तुकड्यांनी भरलेल्या. साडेआठशे वर्सं झाली. मग बावल्यांचा खेळ. लाकडाचे शिपाई एकमेकांची मुंडकी उडवतात."

"लाकडाची?"

"लाकडाची. मग ग्रीक लोकांचे खांब. माळावर नुसते उभे हात."

"खांब बघायला येवढ्या लांब? किल्ल्यात हायेत की आपल्या."

"ते पोर्तुगीजांचे."

"खांब ते खांब," बर्था म्हणाली आणि नकाशाच्या कडेला ताट ठेवायला जागा शोधू लागली. "अवो, आपन गेल्यावर निकलावने टँकर लावला तर?"

सेबेस्टियननं चष्मा काढला. "निकलाव माझा सख्खा भाव हाय. एका आयच्या पोटचा. तू त्याला चोर समजतेस?"

असं विचारल्यावर बायकोनं काय बोलायचं? तिनं ताट टेकवलं. पण त्या दिवसापासून मासळी चिरताना, रोझारीची प्रार्थना म्हणताना, एवढंच काय, पासपोर्टच्या फोटोसाठी बसल्यावरही ती मनातल्या मनात विहिरीची पायरी बघत होती. फोटोत तिचा चेहरा असा आला होता, की सेबेस्टियन म्हणाला, विमानतळावरचे लोक विचारतील, बाई, तुमचं कोण गेलं?

निकलावची बायको फ्लोरा. दोघींच्या घरांपुढे एकच खळं, सुकेळ्यांचा मांडवही एकच. राजेळी केळी पिकली की सोलून त्या मांडवावर उन्हात टाकायची, रोज एकेक उलटायची, संध्याकाळी झाकायची. मधासारखी तपकिरी होऊन आखडली की वाळक्या पानात गुंडाळून बांधायची. एप्रिल-मे दोघी जावा त्या मांडवापाशीच असायच्या.

"बर्थाबाय, तिकडे नक्की हाय काय?" फ्लोरानं केळं उलटत विचारलं.

"ऊन हाय बोलतात. गोरे लोक खास उन्हासाठी जातात."

"उन्हासाठी?" फ्लोरानं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "मग त्यांना हिकडे धाड. ह्या मांडवावर निजवू. आठवड्यात बरे वाळून निघतील. पानात गुंडाळून ज्याच्या त्याच्या घरी परत करू."

"बस्त्यावला नको सांगूस. तो नकाशावर ते पन लिहील."

दोघी हसल्या. हसताना बर्थाचा डोळा फ्लोराच्या खांद्यावरून विहिरीकडे गेला तो गेलाच.

आयतवारी ॲन्सेल्मचा फोन आला. लाइन खरखरत होती.

"आय, तू फक्त ये. भांडी नाय, पानी नाय, काय नाय. पाय पसरून बस."

"पाय पसरले की दुकतात माझे."

"बरं, मग दुमडून बस. हिकडे माझ्या घरमालकिणीची लिंबाची वाडी हाय. विहीर हाय, जुना रहाट हाय, आज्याच्या टायमाला आपल्याकडे व्हता तसा. आनि खाली उतरलं की मिठागरं. तुला वाटेल आपल्या मुळगावच्या मिठागरांवर आलीस."

बर्थानं रिसीव्हर कानाला घट्ट लावला. "मिठागर जवळ, आनि विहीर गोडी?"

"गोडी हाय. मी पितो की."

"ती बाय कशी ठेवते गोडी?"

"मी नाय विचारलं, आय."

"विचार."

"तूच येऊन विचार. येताना सुकेळी आन. भरपूर."

तिनं फोन ठेवला. समुद्राला खेटून असलेली कुठली तरी एक विहीर गोडी राहिली होती, आणि ती राखणारी एक बाई होती, एवढं तिच्या डोक्यात बसलं. सोन्याची भिंत आणि मुंडकी उडवणारे शिपाई यांनी जे केलं नव्हतं ते त्या विहिरीनं केलं. तिला जावंसं वाटायला लागलं, आणि जावंसं वाटलं म्हणून भीती आणखी वाढली.

तयारीला लागली. विहिरीच्या पूर्वेला सासूचं राजेळीचं बेट होतं. म्हातारीनं लग्नात आगाशीच्या माहेरून आणलेलं. त्याच्या बुडाशी पिलांची, नव्या कोंबांची, गर्दी झाली होती. पाऊस लागायच्या आधी ती काढून लावायला हवीत, आणि आपण तर मे सरता सरता परतणार. तोवर ती दाटीनं खराब होतील, हे बर्थाच्या मनानं घेतलं. काळजीच्या माणसाला एक काळजी निस्तरता आली की तेवढीच बरी वाटते. तिनं पहारीनं सगळी पिलं काढली, टोपलीत भरली आणि फ्लोराच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

फ्लोरा टोपलीकडे बघत राहिली. "सगळी?"

"सगळी. मी नसनार. वाया कशाला जाऊ द्यायची?"

"आयच्या बेटाची?"

"हां, त्याचीच."

फ्लोरानं पदर डोळ्यांना लावला. बर्थाला वाटलं, हिला आपल्या परदेशाचं वाईट वाटलं असेल. बिचारीचा नवरा कधी तिला महाबळेश्वरलाही घेऊन गेला नाही. जावेचं मन दुखू नये म्हणून ती पटकन उठून आली.

पुढल्या आयतवारी देवळात फादरांनी मिस्साच्या आधी वाचलं, की आजची मिस्सा परदेशी निघालेल्या सेबेस्टियन आणि बर्था यांच्या सुखरूपतेसाठी आहे. ती सेबेस्टियननं लावली होती. मागच्या बाकावर बायकांची कुजबूज झाली. बर्थानं मान वळवली तेव्हा निकलाव तिच्याकडे बघत होता. लगेच त्यानं नजर खाली घातली.

त्या खाली घातलेल्या नजरेनं तिची झोप उडवली. शेवटी तिनं ठरवलं, एकदा जाऊन बघायचं. सिसिलीला नाही, आगाशीला. तिथं तिची धाकटी बहीण दिली होती.

"शनवारी जाते, सोमवारी सकाळी येते," तिनं नवऱ्याला सांगितलं. "परक्या घरात झोप लागते का बघते. लग्नापासून बाहेर निजले कुठं मी?"

सेबेस्टियनला ही कल्पना फार आवडली. तो म्हणाला, बॅगही घेऊन जा, उचलायची सवय होईल. तेव्हा बर्था चाकांची कोरी निळी बॅग घेऊन आगाशीच्या एसटीत बसली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, विमानतळ तिकडे नाय." ती हसली नाही. बहिणीकडे तिला पापलेट खाऊ घातलं, बाजारात फिरवलं, पलंगावर नवी चादर घातली. ती चादरीवर उताणी पडून गिरीजची मोटार ऐकू येते का ते ऐकत राहिली. एवढ्या लांबून येणार कुठून.

सोमवारी पहिल्या गाडीनं परतली. बॅग घरात न नेता थेट वाडीत ढकलत गेली. गल्लीच्या तोंडाशी मातीत रुंद टायरचे वळ होते. कुंपणाच्या कडेची अळूची पानं चिरडली होती. विहिरीच्या काठावर जाड पाइप ओढल्याची चर पडली होती. तिनं आत वाकून बघितलं.

पायरी उघडी होती. आयतवार मधे जाऊनही, कोरडी, ऊन खात बसलेली.

बर्थानं मोटार लावली, पाइपाशी ओंजळ धरली, घोट घेतला. घोळवला. गिळला. आणखी एक घेतला. गोडं लागलं. मग वाटलं, कडेला जिभेला काहीतरी चुरचुरलं. तिसरा घोट घेतला तेव्हा कळेनासंच झालं. रोज न चुकता सांगणारी जीभ त्या दिवशी भीतीनं आंधळी झाली. तिनं सेबेस्टियनला हाक मारली. तो लुंगी सावरत आला, तांब्याभर प्याला.

"कसं हाय?"

"पानी हाय. पान्यासारखं हाय."

तिनं मोटार बंद केली आणि खळं ओलांडून निकलावच्या ओट्यावर गेली. तो कोयत्याला धार लावत बसला होता. फ्लोरा दारात उभी राहिली.

"टँकर आला व्हता?"

"आला व्हता," निकलाव म्हणाला. "शनवारी. माझ्या वाराला."

"किती न्हेलं?"

"मन भरेस्तोवर न्हेलं. माझा वार व्हता, वयनी. तुझ्या वाराला मी हात लावला नाय."

"वार तुझा, पन विहीर एक ना? तुला म्हायती नाय, पलीकडे काय झालं ते?"

निकलावनं दगड खाली ठेवला. "तुला आता विहिरीचं काय? तुमी तर चाललात."

"पंधरा दिवसांसाठी चाललो."

"असं सगळेच बोलतात. शेजारचा व्हॅलेरियन काय बोल्ला व्हता? पोराकडे जाऊन येतो. मिस्सा लावली, पिलं वाटली आनि गेला. आला परत? त्याच्या वाडीत आता चार माळ्याची बिल्डिंग हाय, त्याच्या केळी माझ्याकडे हायेत." त्याचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. "तू आयचं बेट खनून टोपलीत घालून आनून दिलंस. आयनं मरेस्तोवर त्याला मला सुद्धा हात लावू दिला नाय. वाडी सोडनारा मानूसच असं अख्खं बियानं देऊन टाकतो. दुसरा कोन देतो, सांग. देवळात फादरनी नाव वाचलं. बॅग आली. मी काय समजायचं?"

बर्था ओट्याच्या कडेवर बसली.

"मी बोल्लो," निकलाव पुढे म्हणाला, "भावाची अर्धी वाडी बिल्डरला जानार. तो बोअर मारनार. मग पानी काय गोडं ऱ्हानार हाय? जायचंच हाय तर निदान मी का बघत बसू?"

"बस्त्याव तुला विचारल्याबिगर वाडी इकेल? तुझा सख्खा भाव तो."

"मला तेच लागलं. विचारलं नाय म्हनून."

बर्थाला आठवलं, पिलं वाटण्याचा अर्थ तिलाही माहीत होता. व्हॅलेरियनची टोपली आली त्या दिवशी तीही रडली होती. पण स्वतःची टोपली उचलताना ते डोक्यातच आलं नाही. ती निकलाववर नजर ठेवण्यात इतकी गुंतली होती, की निकलावला ती कशी दिसतेय हे तिनं बघितलंच नव्हतं.

फ्लोरा आत गेली आणि टोपली घेऊन आली. पिलांवर ओलं तरट होतं. "मी लावली नायत," ती म्हणाली. "हातच नाय गेला. लावली असती तर तू गेलीस असंच झालं असतं."

बर्थानं त्यातलं एक पील उचललं, जाडजूड, मुळाला माती धरलेलं. "ही बाकीची तू लाव. हे मी न्हेते."

तिनं ते त्याच सकाळी विहिरीच्या कडेला, पाइप ओढल्याच्या चरीतच लावलं. निकलाव मागून आला होता. नुसता उभा होता.

"ह्याला घड यायला वरीस लागेल, तो मीच उतरवनार," ती माती दाबत म्हणाली. "मी जाईन तवा माझे वार तू सांभाळ. माझ्या केळींना पानी तू लाव. आनि लावायच्या आधी पयला घोट घ्यायचा."

"आनि परेशला मी येत्या शनवारचं सांगून बसलोय."

"ते तू बघ. शनवार तुझा."

हे ती बोलली खरं, पण पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. पाणी रोज चाखत होती. कधी गोडं लागे, कधी शंका येई, आणि शंका खरी की जिभेची, हे कळायला मार्ग नव्हता. निकलाव नीट बोलत होता, पण शनवारचा विषय काढत नव्हता. सेबेस्टियनला तिनं सगळं सांगितलं तेव्हा तो नकाशा गुंडाळून भावाकडे गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. डोळे मात्र लाल होते.

शनवारी सकाळी दोघी जावा मांडवावर सुकेळी उलटत होत्या. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. मोठ्या गाडीचा.

बर्थाचा हात थांबला. विहीर पन्नास पावलांवर. कोयता ओट्यावर, नारळांचा ढीग काठावर. जाऊन बसायला काहीच लागत नव्हतं. ती उठायला लागली आणि परत बसली. आज विहिरीवर गेलो तर विमानात बसता येणार नाही, हे तिला कळत होतं. सिसिलीला बसून ती काय कोयता चालवणार होती?

फ्लोरा तिच्याकडे बघत होती. "जायचं हाय तर जा."

"नाय."

हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. निकलाव घरातून निघाला, खळ्यातून गेला, दोघींकडे न बघता. केळींच्या आड दिसेनासा झाला. माणसांचे आवाज आले, शब्द कळेनात. एकजण हसला, कोण ते समजलं नाही. मग थोडा वेळ इंजिनाची नुसती घरघर.

"बर्था," आतून सेबेस्टियन म्हणाला, "तिसऱ्या दिवशी काय ठेवू? खांब की मिठागरं?"

"मिठागरं," ती म्हणाली. "आनि त्या बायची लिंबाची वाडी. मला तिला विचारायचं हाय."

गिअर करकरला. टँकर मागं घेताना करतो तसा, थांबत थांबत, कुंपणाला खरवडत आवाज लांब जायला लागला. रिकामा की भरलेला, ते आवाजावरून कळेल म्हणून ती कान देऊन होती. पाइप लावून टँकर भरायला एवढा थोडा वेळ पुरत नाही, असं ती स्वतःशी म्हणाली. पुढच्या शनवारचं मात्र कोणी सांगावं.

निकलाव परत आला. विहिरीपाशी थांबून त्यानं मोटार लावली, पाइपाच्या तोंडाशी ओंजळ धरली आणि पहिला घोट तोंडात घोळवला.

बर्थानं पुढलं केळं हातात घेतलं. खालची बाजू अजून ओलसर होती. ती तिनं उन्हाकडे वळवली आणि त्याच्या शेजारचं उचललं.